तीन माणसांची ट्यूब

ईद होऊन गेली आणि खडकी बाजारातलं ऊन अंगावर धावून यायला लागलं. त्याच आठवड्यात एका सकाळी वैजनाथचा छोटा हत्ती टेम्पो मन्सूरच्या पंक्चरच्या दुकानासमोर येऊन थांबला. मागची फळी खाली पडली आणि तिच्यावरून एक नारिंगी, मळकट ढीग फुटपाथवर घसरला. दमलेली म्हैस बसावी तसा तो बसला आणि त्याच्यातून धरणाच्या गाळाचा ओला वास सुटला.

"मन्सूरभाई, घ्या तुमचं बाळ!" वैजनाथ केबिनमधून उतरता उतरता ओरडला. "खडकावर घासलंय. पाणी लई खाली गेलंय औंदा, काठाचे दगड उघडे पडलेत."

मग त्याला खुर्चीत बसलेला मन्सूर दिसला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मन्सूरच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जणू दुसऱ्या कुणीतरी तो सांभाळायला दिलाय.

"कवा झालं हे?"

"थंडीत," नजमा म्हणाली. ती दुकानाच्या आतल्या बाजूला शिलाई मशीनवर बसली होती, ती उठून पुढे आली. "सकाळी उठले ते असेच उठले. आता बरेच आहेत. बोलतात थोडं."

मन्सूरने डावा हात वर करून वैजनाथला सलाम केला. पानशेतच्या रस्त्याला, धरणाच्या पसरलेल्या पाण्याच्या काठावर वैजनाथच्या दोन मोटरबोटी होत्या. बोटीमागे दोर बांधून या हवेच्या ट्यूबा ओढायच्या, हा त्याचा धंदा. शनिवार-रविवारी हिंजवडीची आयटीवाली पोरंपोरी येतात, ट्यूबवर बसतात, बोट पळते आणि ती जीव खाऊन ओरडतात. ओरडायला माणसं इतक्या लांब येतात याचं वैजनाथला अजूनही नवल वाटे. पण त्याचं घर त्या ओरडण्यावरच चाललं होतं.

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हे काम दुसरं कुणी करत न्हाई. नवीनच मागवतो मुंबईहून. शेडमधी अजून चार पडल्यात, त्या बी टाकून देतो."

तो वाकून ढीग उचलायला लागला. मन्सूरने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला, आणि नजमाला ते बघणं ओळखीचं होतं. थंडीत दवाखान्यातून घरी आल्यावर तो असाच भिंतीकडे बघत पडून राहायचा. जेवायला उठवलं तर म्हणायचा, कशाला. दीड महिना झाल्यावर नजमाने त्याला धरून दुकानात आणलं, खुर्चीत बसवलं, शटर वर केलं. रस्ता दिसला, गाड्या दिसल्या, एक स्कूटरवाला हवा भरायला थांबला, आणि त्या दुपारी मन्सूरने पहिल्यांदा भाकरी मागितली. तेव्हापासून ती रोज दुकान उघडत होती. पंक्चर साधं असलं तर काढत होती, नाहीतर आपल्या मशीनवर सीटकव्हरं शिवत बसत होती.

पण तन्वीरने, तिच्या मुलाने, दुकान मोबाइल कव्हरं विकणाऱ्या एकाला द्यायचं ठरवलं होतं. पहिल्या तारखेपासून. नजमाने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. तिला भीती एकच होती. दुकान गेलं की हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल, आणि मग काही उठायचा नाही.

"ठेवा, वैजनाथभाऊ," ती म्हणाली.

"कोन करणार भाभी?"

"मी."

वैजनाथने मन्सूरकडे पाहिलं. मन्सूरने नजमाकडे पाहिलं. वैजनाथने हातातलं टोक सोडलं आणि ढीग फुटपाथवरच राहिला.

खरं सांगायचं तर नजमाने ट्यूबला कधी हातच लावला नव्हता असं नाही. या ट्यूबला दोन अंगं असतात. आत प्लास्टिकची जाड पिशवी, जिच्यात हवा. आणि वर नायलॉनचं कव्हर, जे घासतं, फाटतं, मार खातं. लग्न झाल्यापासून कव्हर नजमाचं आणि पिशवी मन्सूरची. बाहेरचं तिचं, आतलं त्याचं. ती शिवायची, तो चिकटवायचा, आणि एकमेकांच्या कामात बोलायचं नाही हा न बोलता झालेला करार होता. संसारात मात्र दोघं एकमेकांच्या सगळ्या कामात बोलायचे, ती गोष्ट वेगळी.

तिने चेन उघडली आणि पिशवी बाहेर ओढायला लागली. आत वाळू, शिंपल्यांचा चुरा, कुणाच्या तरी गॉगलची काडी. पिशवी पाण्याने जड झाली होती, हातातून निसटत होती. नजमा फुटपाथवर बसली, पाय रोवले आणि मागे झुकून ओढली. ओढणी घामाने मानेला चिकटली. पिशवी एकदम सुटली तशी ती उताणी पडली.

नेमका त्याच वेळी एक म्हातारे गृहस्थ मोपेड ढकलत आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला. त्यांनी पडलेल्या नजमाकडे पाहिलं, खुर्चीतल्या मन्सूरकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"दुकान उघडं आहे की नुसतंच शटर वर केलंय?"

"उघडं आहे ना काका. काय, पंक्चर?"

"नाही, मोपेडला फिरायला आणलंय." मग मन्सूरकडे वळून, "मालक, कारागीर कुठे गेलाय?"

"मी काढते," नजमा उठत म्हणाली.

गृहस्थांनी तिचे ओले, गाळाने भरलेले हात पाहिले. "आपण राहू द्या," ते म्हणाले आणि मोपेड ढकलत पुढे निघाले. पुढचं दुकान पार रेल्वे स्टेशनपाशी होतं आणि ऊन मी म्हणत होतं, तरी गेले. मन्सूरच्या गालाची डावी बाजू थरथरली. नजमाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पाइप सुरू केला.

पिशवी धुतली, कॉम्प्रेसरची नळी लावली आणि बटण दाबलं. आता जे झालं ते तिने दरवर्षी आतल्या मशीनवर बसून पाठमोरं ऐकलं होतं, समोरून कधी पाहिलं नव्हतं. तो मेलेला ढीग हलला. एक कोपरा उचलला, मग दुसरा. सुरकुत्या एकेक करून सुटत गेल्या, पाठ वर आली, दोन्ही बाजूंचे गोल हात वर आले, आणि बघता बघता सोफ्याएवढी, सोफ्याहून मोठी वस्तू दुकानाच्या दारात उभी राहिली. तीन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी. रस्त्यावरून जाणारे दोन जवान सायकलवरून पाय टेकवून बघत राहिले. नजमाने तळहाताने तिच्यावर थाप मारली. पखवाजासारखा आवाज आला. आत काय होतं? काही नव्हतं. रस्त्यावरची हवा होती, जी सगळ्यांच्या नाकातोंडात होती, तीच. हा माणूस इतकी वर्षं हे बघत होता आणि तिला नुसतं "हवा भरली" एवढंच सांगत होता.

तेवढ्यात आवाज आला. सूं... बारीक, एकसारखा.

साबणाचं पाणी केलं, स्पंजने लावत गेली. खालच्या अंगाला, जिथे खडक लागला होता, तिथे बुडबुड्यांचा तुरा उठला. बोटभर चीर. तिने बॉलपेनने गोल केला. शेजारी दुसरी, तिसरी. मग कडेला, जोडापाशी, एकच बुडबुडा हळूहळू मोठा होत होता, मोहरीएवढा, वाटाण्याएवढा, आणि फुटून पुन्हा मोहरीएवढा. चार गोल झाले. तिला वाटलं, झालं.

मन्सूरची काठी जमिनीवर आपटली.

"काय?"

"डोळा," मन्सूर म्हणाला. जीभ जड होती, शब्द अर्धा तोंडातच राहायचा. त्याने डावं बोट मिटलेल्या पापणीवर ठेवलं.

तिला कळायला वेळ लागला. मग तिने डोळे मिटले आणि चेहरा ट्यूबजवळ नेला. पापणीच्या कातडीला जे कळतं ते हाताला कळत नाही. ती हळूहळू सरकत गेली, ट्यूबच्या एका टोकापासून, नाक प्लास्टिकला लावून. येणारे-जाणारे हसत असतील तर हसोत. एका गोल हाताजवळ पापणीला थंड काहीतरी लागलं, कुणी फुंकर घातली तर त्याच्या विसाव्या हिश्शाएवढं. तिने डोळे उघडले, साबण लावला, काही दिसलं नाही. पुन्हा मिटले. होतं. तिने पाचवा गोल केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. मन्सूरने काठी आपटली नाही.

दुसऱ्या दिवशी चिकटवायचं काम. आता हे पंक्चरचं नेहमीचं सोल्युशन लावायचं नाही, कारण ते रबराचं. या प्लास्टिकला ते लागतं, धरतं आणि पाण्यात गेलं की सुटतं. ताडपत्रीवाल्यांकडे मिळतो तो चिकट पिवळा गोंद लागतो. नजमाने गोलावर पॉलिश पेपर घासला, थिनरने पुसलं, ठिगळं कापली. पहिलं तिने चौकोनी कापलं, शिवणकामाच्या सवयीने, आणि काठी आपटली. चौकोनाचा कोपरा उचलतो; ठिगळ गोल हवं. दोन्हीकडे गोंद लावला. चिकटवायला गेली, काठी आपटली. थांब. बोट लावलं तर ओढ लागली पाहिजे, पण गोंद बोटावर यायला नको. ती बोट लावत बसली. थिनरच्या वासाने डोकं गरगरत होतं. ऊन दुकानात आत आत सरकत होतं. मन्सूर खुर्चीत पुढे झुकला होता, त्याच्या कपाळावर घाम होता, जणू तोच वाकून काम करत होता.

"आता," तो म्हणाला.

तिने ठिगळ मधून दाबलं, बाहेरच्या बाजूला अंगठ्याने हवा काढत नेली, वर लाटणं फिरवलं. हो, लाटणंच, स्वयंपाकघरातलं. मन्सूरचा लोखंडी रूळ तिच्या हातात जड झाला होता. मग ठिगळांवर गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या ठेवल्या आणि कुणी हात लावू नये म्हणून आपण शेजारी बसली.

संध्याकाळी तन्वीर विश्रांतवाडीहून कामावरून आला. तिथे तो कुरिअरच्या गोदामात होता. दिवसभर पार्सलं स्कॅन करून त्याचे डोळे लाल झालेले असत. वाईट मुलगा नव्हता. अब्बूच्या आजारपणात आठवडाभर दवाखान्याच्या फरशीवर झोपला होता.

"अम्मी, हे काय चाललंय? मी त्या माणसाला शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. मला कुठे विचारलंस?"

"बरं, समज, ही एक केलीस. पुढे? तू पन्नाशीची झालीस. टायर कोण उचलणार? प्रॅक्टिकल बघ ना जरा."

"ही ट्यूब नीट झाली तर वैजनाथभाऊंच्या शेडमध्ये अजून चार आहेत. धरणावर आणखी बोटवाले आहेत. टायर नाही उचलणार मी. हे करीन."

"आणि नाही झाली तर?"

नजमाने मन्सूरकडे पाहिलं. "नाही झाली तर दे दुकान," ती म्हणाली. बोलून गेली आणि मग तिने बॅटऱ्या पुन्हा एकदा दाबून पाहिल्या.

तिसऱ्या दिवशी पिशवी कव्हरात घातली. कव्हर खालून टराटरा फाटलं होतं. तिथे मशीन चालत नाही, हातानेच शिवावं लागतं. नजमा आपल्या राज्यात आली. मेण लावलेला दोरा, जाड सुया, तीन-चार ओवून तयार. कव्हरावर ती वाकली आणि हात आपोआप चालायला लागला. मधेच मन्सूरला मोरीपर्यंत न्यावं लागलं. परत येऊन तिने दुसरी सुई घेतली आणि टीप पुरी केली. चेन लावली, हवा भरली. मन्सूरने "थोडी कमी" अशी खूण केली. उन्हात हवा फुगते. संध्याकाळी ट्यूब टणक होती. तिने तिच्यावर डोकं टेकून आत काही वाजतं का ऐकलं. काही वाजत नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्या दिवशी शेवयांची खीर केली.

सकाळी शटर वर केलं तर ट्यूब वाकली होती.

पूर्ण बसली नव्हती, पण खांदे पडले होते. नजमा तशीच उभी राहिली. तन्वीर कामावर निघता निघता मागे आला होता, त्याने पाहिलं. तो टोचून काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे अम्मी. तू केलंस ना प्रयत्न." आणि ते जास्त लागलं. मन्सूरने तोंड फिरवलं आणि तो पुन्हा रस्त्याच्या पलीकडे बघायला लागला.

नजमाने सगळं पुन्हा उघडलं. पाचही ठिगळं नखाने उचकून पाहिली. एकही हललं नव्हतं. हवा भरली, साबण लावला, काही नाही. डोळे मिटले आणि पापणी लावत लावत गेली. आणि जिथे खडक लागलाच नव्हता, जिथे मूळचं प्लास्टिक नव्यासारखं चकाकत होतं, तिथे थंड फुंकर लागली. नवीन भोक. कालपर्यंत नव्हतं ते. तिला काहीच कळेना. खडक दुकानात तर आला नव्हता.

ती कव्हर उलटं करून हात फिरवत होती, तेव्हा तळहातात कळ गेली. नायलॉनच्या दुमडीत एक सुई होती. दोरा ओवलेली, मेण लावलेली, तिचीच. मन्सूरला उठवायला जाताना तिने ती कापडात टोचून ठेवली होती. शिवणारी बाई उठताना सुई कापडातच टोचते. तिच्या आईने तसंच केलं, आजीने तसंच केलं, जमिनीवर सुई ठेवायची नसते म्हणून. आजवर तिने रिकामीच कव्हरं शिवली होती; कापडाच्या पलीकडे कधी हवा नव्हती.

तळहातावर रक्ताचा मणी आला. नजमाने इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. सुई खिशात टाकली असती तर ट्यूबलाच दोष गेला असता. क्षणभर तिच्या मनात आलंही. मग ती उठली आणि सुई मन्सूरच्या डाव्या हातात ठेवली.

"ही माझी. आत राहिली होती."

मन्सूरने सुई डोळ्यांजवळ नेली. दोऱ्याचं शेपूट हललं. त्याचं तोंड वाकडं झालं, आणखी वाकडं झालं, आणि नजमाला वाटलं याला पुन्हा झटका आला. पण तो हसत होता. खुर्ची करकरत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीपासून तो हसला नव्हता.

"मी..." तो म्हणाला, धाप लागली, "मी पाना... विसरलो होतो. आत. एकदा."

"कुठे? कधी?"

"बोलू... नको."

नजमाही हसायला लागली. ती ओढणीत तोंड घालून हसली, मग सहावं ठिगळ गोल कापलं.

दोन सकाळी ट्यूब ताठ उभी राहिली. तिसऱ्या सकाळी, रविवारी, वैजनाथ आला. त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं, गुडघा रोवून पाहिला आणि मान हलवली.

"झकास. चला, मग कोन बसतंय?"

"कशावर?"

"ट्यूबवर. भाभी, आमच्या घाटावर रीत हाय. जो दुरुस्त करतो, तोच पयल्यांदा बसतो. एक फेरी बोटीमागं. मग गिऱ्हाईक. मन्सूरभाई दरसाली बसतोय की."

नजमा वळून नवऱ्याकडे बघतच राहिली. दरवर्षी उन्हाळ्यात हा एकदा ओल्या कपड्यांनी घरी यायचा. पायजम्याला गाळ, केसांत पाणी. काय झालं विचारलं तर, पाण्यात काम होतं म्हणायचा, आणि ती बडबड करत पायजमा भिजत घालायची.

"अम्मी नाही बसणार," तन्वीर म्हणाला. त्याला सुट्टी होती. "तिला पोहता येत नाही. मी बसतो."

"तसं चालंल," वैजनाथ म्हणाला, पण त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

नजमाने आयुष्यात पाणी पाहिलं होतं ते होळकर पुलावरून, आणि तेही रिक्षातून. नदी जलपर्णीने हिरवी असायची, पाणी असं दिसायचंच नाही. पण ट्यूबवर तन्वीर बसला तर ती फेरी तन्वीरची होणार होती.

"ठिगळं मी लावलीत," ती म्हणाली. "मीच बसते."

मन्सूरने काठीने छोट्या हत्तीच्या केबिनकडे खूण केली. त्यालाही यायचं होतं. तन्वीरने आणि वैजनाथने त्याला उचलून आत बसवलं.

सिंहगड रस्ता संपत आला, डोंगर जवळ आले, आणि एका वळणावर झाडं बाजूला झाली तशी नजमाच्या तोंडून "या अल्लाह" निघून गेलं. मागे ट्यूबला टेकून ती बसली होती, ती उभीच राहिली. पाणी होतं. इतकं पाणी की ते कुठे संपतं ते कळत नव्हतं. डोंगराच्या पायांत शिरलेलं, वळून मागे गेलेलं, निळं नाही, हिरवं नाही, उन्हासारख्याच रंगाचं. आपण नळाखाली बादली लावतो ते हे, असं तन्वीर काहीतरी म्हणाला. तिला ते खरं वाटेना.

काठावर वैजनाथने तिला लाइफ जॅकेट घातलं. पट्टे ओढताना तो भलताच अवघडला, मग तन्वीरने ते बांधले. तिने ओढणी डोक्यावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली. उघड्या पडलेल्या दगडांवरून अनवाणी चालताना तळवे भाजले. किनाऱ्यावर वाट बघत बसलेली आयटीची पोरं मोबाइल काढून तयार झाली. "आंटी रॉक्स!" कुणीतरी ओरडलं. मन्सूरला प्लास्टिकच्या खुर्चीत पाण्याजवळ बसवलं होतं. ती त्याच्यासमोरून गेली आणि सरळ पाण्यात उतरली.

ती मधल्या जागेवर बसली. दोन्ही बाजूंना रिकाम्या जागा. ट्यूब पाण्यावर डुलली आणि तिने कड्या घट्ट धरल्या. बोट पुढे गेली, दोर पाण्यातून सरळ होत होत आला, ताणला, थेंब उडाले, आणि एक हिसका बसला.

तिने डोळे मिटले. कलमा म्हणायला सुरुवात केली आणि मधलेच शब्द विसरली. पाणी तोंडावर सपासप बसत होतं. ट्यूब उडत होती, आपटत होती, आणि प्रत्येक वेळी आपटली की तिच्या खालची हवा दबायची आणि तिला उचलून घ्यायची. खाली काय होतं? पाणी. किती खोल कुणास ठाऊक. वैजनाथ म्हणाला होता, एक अख्खं गाव आहे खाली. आणि त्या पाण्याच्या आणि तिच्या मधे एक बोटभर प्लास्टिकही नव्हतं, होती ती हवा, खडकी बाजारातली, तिने स्वतः भरलेली. सहा ठिगळं. तिने एकेक मनातल्या मनात मोजलं. ठिगळं धरून होती. तिने कानांनी, मांड्यांनी, पाठीने ऐकलं. कुठेही सूं नव्हतं. तिला रडू फुटलं आणि ते पाण्यातच मिसळलं. बोट वळली, ट्यूब लांब फेकली गेली, सगळं जग एका बाजूला कललं, आणि ती ओरडली. हिंजवडीच्या पोरींसारखी, गळा फाडून. कुणी ऐकलं याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

मग काठ आला. तन्वीर गुडघाभर पाण्यात धावत आला, चपलांसकट. त्याने तिला धरून उतरवलं. ट्यूबवर त्याने तळहाताने जोरात थाप मारली, पुन्हा मारली, आणि ती तितकीच टणक वाजली.

"अम्मी," तो म्हणाला. "त्या मोबाइल कव्हरवाल्याला मी नको म्हणून सांगतो."

"शेडमधल्या चारी काढतो भाभी," वैजनाथ म्हणाला. "आजच टाकू गाडीत."

नजमाच्या सलवारीतून पाणी गळत होतं. ती दगडांवरून मन्सूरच्या खुर्चीपर्यंत गेली आणि त्याच्या पायांशी खाली बसली.

"तुम्ही दरवर्षी हे बघत होता," ती म्हणाली. "आणि मला पाण्यात काम होतं म्हणून सांगत होता."

"काय... सांगणार," मन्सूर म्हणाला. "येत नाही... सांगता."

त्याने डावा हात पुढे केला आणि तिच्या कपाळावरची ओली बट बाजूला केली. मग पाण्याकडे बोट दाखवलं, लांब, जिथे डोंगर मागे सरतो आणि बोट वळते.

"तिथं," तो म्हणाला. एकेक शब्द तो जोर लावून बाहेर काढत होता. "वळताना. काठ दिसत नाही. कुठलाच. तेव्हा... डोळे उघडे होते?"

नजमाने मान हलवली. "मिटले होते. भीती वाटली."

मन्सूरने काठी उचलली आणि दगडावर जोरात आपटली. वैजनाथने चमकून मागे पाहिलं.

"मग परत जा," तो म्हणाला.